कालवाची साक्ष

‘दर्यामें खसखस’ ही म्हण कुणाला ठाऊक नाही? अफाट दर्यात खसखशीचा एक दाणा पडला काय नि न पडला काय, दर्याला त्याची दादही नसते, हा तिचा भावार्थ. ह्याच भरवशावर माणसाने आजवर आपल्या घरचे, गावचे आणि कारखान्यांचे सांडपाणी समुद्राच्या पोटात ढकलले. समुद्राचे पोट मोठे. तो सगळे पचवील!

पण त्याच दर्याच्या काठाशी, खडकाला घट्ट चिकटून, एक प्राणी बसलेला असतो. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, पळून जाण्याची सोय नाही. तो बसल्या जागी खसखशीच्या त्या एका दाण्याचाही हिशेब ठेवीत असतो. आपल्या कोकणात त्याला कालव म्हणतात.

ती म्हणच जरा गणिताने तपासून पाहू. खसखशीच्या एका दाण्याचे वजन मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढे धरा. आता दहा हजार लिटरांचे एक, असे पाण्याचे पंधरा टँकर ओळीने उभे करा आणि त्या साऱ्या पाण्यात मिळून एका दाण्याएवढेच विष कालवा. म्हणजे एका लिटरात साधारण दोन नॅनोग्रॅम पडले. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म प्रमाणातही एक विशिष्ट विष कालवाचा शिंपला वेडावाकडा करून टाकते. ही कल्पना नव्हे. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर घडलेली गोष्ट आहे. त्याच किनाऱ्यावर शंभरएक किलोमीटर उत्तरेला दुसऱ्या एका धातूने दुसऱ्या प्रकारे घात केला. ह्या दोन जागांची हकीगत ऐकण्याजोगी आहे. कारण दोन्हीकडे गुन्हा एकाने केला आणि भुर्दंड भरला दुसऱ्यानेच.

बसल्या जागचा हिशेबनीस

कालव, शिनाणे, तिसऱ्या, खुबे ही सारी दोन शिंपांची मंडळी. त्यांचे जेवण म्हणजे पाणी गाळणे. शिंपा किंचित उघडायच्या, पाणी आत ओढायचे, त्यातील सूक्ष्म वनस्पती कल्ल्यांवर अडकवायच्या आणि उरलेले पाणी बाहेर सोडायचे. हवापाणी मानवले तर एक मोठे कालव दिवसाकाठी शंभर लिटरांहून अधिक पाणी गाळते. आपल्या घरची पिण्याच्या पाण्याची पिंपेसुद्धा त्याच्यापुढे लाजतील!

ह्या पाण्याबरोबर धातूही येतात. त्यांतले काही कालवाला हवेच असतात. जस्त आणि तांबे ह्यांवाचून त्याच्या शरीराचा गाडा चालत नाही. कॅडमियमचा मात्र त्याला काडीचा उपयोग नाही. तरीही ते आत शिरते, आणि शिरले की शरीर त्याला एका विशेष प्रथिनाशी जखडून ठेवते. हे प्रथिन प्रथम सापडले ते १९५७ साली, घोड्याच्या मूत्रपिंडात. शास्त्रज्ञ त्याला मेटॅलोथायोनीन म्हणतात. आपण त्याला ‘धातूची बेडी’ म्हणू. बेडी पडली म्हणजे विषाचा उपद्रव कमी होतो. कालव जगते, वाढते, वरून धडधाकट दिसते. पण कैदी काही तुरुंगातून लवकर सुटत नाही. दिवसेंदिवस भर पडत जाते, आणि कालवाच्या मांसातील धातूचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या हजारो पट, एखाद्या धातूच्या बाबतीत तर लाख पटही होते.

मग ते कालव आपल्या पानात येते. कालवातले जंतू स्वच्छ पाण्याच्या हौदात दोन-तीन दिवस ठेवल्याने पुष्कळसे निघून जातात. उकळले की मरतात. धातूचे तसे नाही. तो शिजत नाही, कुजत नाही, मरत नाही. कालव खाणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडात कॅडमियम जाऊन बसले की दहा-दहा, वीस-वीस वर्षे तेथून हलत नाही. जपानमधील तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन कित्येक स्त्रियांची हाडे ठिसूळ झाली. वरच्या अंगाच्या खाणीतून कॅडमियम नदीत येत होते. वेदनांनी त्या ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे कण्हत, म्हणून रोगालाही तेच नाव पडले. जपान सरकारने १९६८ मध्ये हे कारण अधिकृतपणे मान्य केले.

सोने गेले, शिसे सापडले

तर मग सरळ समुद्राचे पाणीच का तपासू नये, असे कोणीही विचारील. ते सोपे असते तर कालवाला साक्षीला बोलावण्याची पाळीच आली नसती. ह्या कामात भलेभले फसले आहेत.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या डोक्यावर खंडणीचा डोंगर बसला. तेव्हा नोबेल पारितोषिक मिळविलेल्या फ्रिट्झ हाबर ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या मनात आले की, समुद्राच्या पाण्यात सोने असते. तेच काढून देशाचे कर्ज का फेडू नये? जुन्या पुस्तकांतले आकडे मोठे आशादायक होते. १९२३ मध्ये त्याने चक्क एका आगबोटीवर आपली प्रयोगशाळा थाटली आणि अटलांटिक ओलांडला. वर्षानुवर्षे नमुने तपासले. शेवटी निष्पन्न काय झाले? अपेक्षित सोन्याचा सुमारे हजारावा हिस्साच पाण्यात होता! सोने काढण्याचा खर्च सोन्याहून महाग. हाबरने नाद सोडला.

जे सोन्याचे, तेच शिशाचे. क्लेअर पॅटरसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. त्यासाठी त्याला दगडांतले सूक्ष्म शिसे मोजावे लागत होते. पण गंमत अशी की, जिकडे मोजायला जावे तिकडे शिसेच शिसे! हवेत शिसे, धुळीत शिसे, काचेच्या भांड्यात शिसे, मोजणाऱ्याच्या केसांत शिसे. मोटारींच्या पेट्रोलात घातलेले शिसे सगळीकडे पसरले होते. तेव्हा त्याने गाळलेल्या हवेची, आम्लाने पुन्हापुन्हा धुतलेल्या भांड्यांची सोवळी प्रयोगशाळा उभारली. आपल्या आजीबाईंचे सोवळे त्यापुढे फिके पडावे. ह्या सोवळ्यात समुद्राचे पाणी तपासले तेव्हा कळले की, पूर्वीच्या कित्येक संशोधकांनी दिलेले शिशाचे आकडे शेकडो, क्वचित हजारपट फुगलेले होते. त्यांनी समुद्र मोजलाच नव्हता. आपल्याच बोटीचा गंज, आपल्याच तारेचा दोर आणि आपल्याच हाताचा मळ मोजला होता.

१९७५ च्या पुढे नवे सोवळे सर्वत्र रूढ झाले आणि धातूंचे खरे चित्र दिसू लागले. १९७६ मध्ये बॉयल, स्क्लेटर आणि एडमंड ह्या तिघांनी दाखविले की, महासागरातले कॅडमियम वाटेल तसे विखुरलेले नसते. वर कमी, खोल जास्त, असे अगदी फॉस्फेट ह्या खताच्या पावलावर पाऊल ठेवून ते वागते. म्हणजे समुद्रात थोडे कॅडमियम निसर्गतःच असते. ‘धातू सापडला’ एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. ‘किती’ आणि ‘कुठून’ हे सांगावे लागते.

शिवाय किनाऱ्याचे पाणी तासातासाला बदलते. भरतीला एक, ओहोटीला दुसरे; पावसाळ्यात तिसरेच. सकाळी दहाला भरलेली बाटली त्या दहा वाजताचेच बोलते. कालव मात्र गेल्या कित्येक महिन्यांचे बोलते. हे ध्यानी घेऊन एडवर्ड गोल्डबर्ग ह्या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये सुचविले की, जगाच्या किनाऱ्यांवर पहारा ठेवायचा तर शिंपल्यांनाच पहारेकरी नेमा. ‘शिंपल्यांची पहारेकरी’ ही योजना पुढल्याच वर्षी अमेरिकेत सुरू झाली. फ्रान्सनेही १९७९ पासून आपल्या किनाऱ्यावरची कालवे आणि शिंपले ठराविक काळाने तपासायला घेतली. आणि तेथेच आपली पहिली हकीगत सुरू होते.

नदीने आणलेला चोर

बोर्दो शहराच्या खाली जिरोंद ही विस्तीर्ण खाडी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी आणि उत्तरेला मारेन-ओलेरों येथे कालवांची मोठी शेती चालते. ह्या शेतीचा इतिहासही मौजेचा आहे. १८६८ साली पोर्तुगालहून कालवे घेऊन निघालेले एक जहाज वादळामुळे जिरोंदच्या आश्रयाला आले. माल सडला असे समजून कप्तानाने तो पाण्यात लोटून दिला. त्यात काही जिवंत होती. त्यांनी संसार थाटला आणि शंभर वर्षे त्या किनाऱ्याला पोसले. १९७० नंतर रोगाची साथ येऊन ही जात नामशेष झाली, तेव्हा जपानी जातीची कालवे आणून पुन्हा बस्तान बसविण्यात आले. वादळ, साथ ही संकटे कालवकऱ्यांना नवी नव्हती. पण पुढले संकट डोळ्यांना दिसणारे नव्हते.

तपासणीत जिरोंदच्या कालवांत कॅडमियम निघाले आणि तेही देशातल्या इतर किनाऱ्यांच्या कितीतरी पट. खाडीच्या काठी तर कॅडमियम सोडणारा असा कारखाना दिसेना. मग माग काढीत शास्त्रज्ञ नदीवर चढले: जिरोंदमधून गारॉन नदीत, गारॉनमधून लॉत नदीत, आणि लॉतमधून एका लहानशा ओढ्यात. ओढ्याचे नाव रिऊ मॉर, म्हणजे ‘मेलेला ओढा’! त्याच्या काठी विव्हिए गावी एकोणिसाव्या शतकापासून जस्त गाळण्याचा कारखाना चालू होता. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतेच. ढिगाऱ्यांवर पडलेले पावसाचे पाणी ते धुऊन ओढ्यात नेत होते. कारखान्यापासून कालवांच्या वाफ्यापर्यंतचे अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक.

आता येथे निसर्गाची एक खोडी पाहा. नदीच्या गोड्या पाण्यात कॅडमियम गाळाच्या कणांना चिकटून प्रवास करते. अशा स्थितीत त्याचा उपद्रव त्या मानाने कमी. पण खाडीत खारे पाणी भेटले की मिठातला क्लोराइड त्याला कणापासून सोडवून आपल्याबरोबर घेतो आणि कॅडमियम पाण्यात विरघळते. म्हणजे इतका लांबचा प्रवास बांधलेल्या अवस्थेत करून चोर मोकळा सुटतो तो नेमका कालवांच्या दारात!

१९८६ मध्ये विव्हिएहून एकदा अपघाताने मोठा लोंढा सुटला आणि सरकार खडबडून जागे झाले. १९८७ पर्यंत तेथील गाळण्याची जुनी पद्धत बंद पडली, ढिगाऱ्यांचा बंदोबस्त झाला. पाण्यातले कॅडमियम उतरले. कालवांतलेही उतरू लागले. पण पुरेसे नाही. युरोपात एक किलो ओल्या मांसात एक मिलिग्रॅम कॅडमियम ही शिंपल्यांची कमाल मर्यादा आहे. विसावे शतक संपले, त्यावर आणखी कित्येक वर्षे लोटली, तरी जिरोंदमधील रानटी कालवे ह्या मर्यादेखाली येईनात. खाडीतली कालवे विक्रीसाठी काढण्यास मनाई करावी लागली. कारण लॉत नदीवरच्या धरणांमागे साचलेल्या गाळात शतकाची कमाई पुरलेली आहे. पूर आला, गाळ ढवळला, की मेलेला ओढा पुन्हा बोलतो.

हिरव्या रंगाचा चकवा

खाणारा म्हणेल, दूषित कालव ओळखू येत नाही काय? त्याच मारेनची हिरवट कल्ल्यांची कालवे खवय्ये जास्त पैसे मोजून घेतात. तो रंग एका निरुपद्रवी सूक्ष्म वनस्पतीचा. पण इंग्लंडात कॉर्नवॉलच्या खाणींजवळची हिरवी कालवे वेगळी होती. त्यांच्या रक्तपेशींत तांबे साठले होते, हे तेथील शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. १९८६ मध्ये तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर एर्जेन नदीच्या मुखाजवळची शेतातली कालवे अशीच हिरवी झाली. नदीकाठी भंगार जाळून, आम्लाने धुऊन तांबे काढण्याचा धंदा चाले, त्याचा तो प्रसाद होता. म्हणजे एक हिरवे पक्वान्न आणि एक हिरवे विष! आणि कॅडमियमला तर रंगही नाही, वासही नाही, चवही नाही. डोळा आणि जीभ येथे निकामी.

कल्हईचा धातू वैरी होतो

दुसरी हकीगत आर्काशों उपसागराची. येथे चुन्यात बुडविलेली कौले पाण्यात मांडून त्यांवर कालवांची पिल्ले धरण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून आहे. हीच पिल्ले इतरत्र शेतीसाठी जात. १९७७ च्या सुमारास कौले कोरी राहू लागली. उन्हाळ्यात अंडी घातली जात, पिल्ले जन्मत, आणि आठवड्या-दीड आठवड्यात मरून जात. पोटे पाहावीत तर रिकामी. जी मोठी कालवे होती त्यांचे शिंपले फुगून, पापुद्र्यांवर पापुद्रे चढून गोळ्यासारखे होत. मधल्या पोकळीत चिकट रस, आणि मांस नावाला. असे लागोपाठ पाच हंगाम गेले. दहा ते पंधरा हजार टनांचे उत्पादन १९८१ मध्ये तीन हजार टनांवर आले.

संशय अनेकांवर गेला. अखेर क्लोद अल्झ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट ठेवले ते हौशी लोकांच्या बोटींवर, नव्हे, त्यांच्या बुडाला लावलेल्या रंगावर. बोटीच्या बुडाला शेवाळ व शिंपले धरू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिल टिन नावाचे विष घालीत. टिन म्हणजे कथील. तेच कथील, ज्याची कल्हई करून आपण पितळी पातेल्यात आमटी शिजवीत आलो! साधे कथील निरुपद्रवी. पण त्याला कार्बनच्या तीन साखळ्या जोडल्या की ते जहाल होते. धातूचे नाव कळून भागत नाही, त्याने कोणता वेष घेतला आहे हेही कळावे लागते. रंगातून झिरपणाऱ्या ह्या विषाने कालवाच्या शिंपल्याची घडण बिघडते, हे अल्झ्यूंनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले. पिल्लांच्या खाद्याच्या सूक्ष्म वनस्पतीही त्याने मरतात, हेही पुढे आले.

खरी कसोटी येथे होती. पाण्यात नॅनोग्रॅमने विष मोजण्याची साधने तेव्हा पुरती तयार नव्हती. ‘आकडा दाखवा’ म्हणणाऱ्याला दाखवायला पाण्याचा आकडा फारसा नव्हता. होती ती कालवांची वाकडी शिंपली. फ्रेंच सरकारने ती साक्ष ग्राह्य धरली. जानेवारी १९८२ मध्ये पंचवीस मीटरांहून लहान बोटींना हा रंग लावण्यास बंदी आली. आणि त्याच वर्षी कौलांवर पिल्ले पुन्हा धरली! पुढल्या काही वर्षांत वाकडे शिंपले दुर्मिळ झाले. ब्रिटनने १९८७ मध्ये तोच मार्ग धरला. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. तोपर्यंत मोठी जहाजे तो रंग जगभर मिरवीतच होती.

दोन्ही हकीगती शेजारी ठेवून पाहा. आर्काशोंला कालवांचे वेळीच ऐकले आणि उपसागर सावरला. जिरोंदला शंभर वर्षे कोणी विचारलेच नव्हते. विचारले तेव्हा धातू गाळात पुरून बसला होता. ऐकायला जितका उशीर, तितकी शिक्षा लांब. आणि ती भोगायची कोणी? ज्याने ना जस्त गाळले, ना हौशी बोट रंगविली, त्या कालवकऱ्याने. त्याच्या वाफ्याला कुंपण घालता येत नाही आणि त्याला आपल्या शेतात येणारे पाणी अडविता येत नाही.

आपल्या दारात

हे सारे परदेशचे म्हणून बाजूला सारता येत नाही. जपानच्या मिनामाता गावी पारा मिसळलेले मासे व शिंपले खाऊन माणसे लुळीपांगळी झाल्याचे १९५६ मध्ये उघडकीस आले. आणि १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तो ठाण्याच्या खाडीतील पाऱ्याचा. कारखाने, शहर आणि खाडी एकमेकांना खेटून वसली की असा प्रश्न उपस्थित होणारच. सिंधुदुर्गातल्या खाड्यांत दोऱ्यांवर शिनाणे आणि तराफ्यांवर कालवे वाढविण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांत गावातल्या बायाबापड्यांच्या हाताला काम आहे, किनाऱ्यावरच्या घरांना चार पैसे आहेत. म्हणूनच ही शेती वाढविताना जागा पाहावी ती नुसती खारट पाण्याची नव्हे. नदीच्या वरच्या अंगाला काय काय आहे, हेही चढून पाहावे. शेती सुरू होण्यापूर्वी एकदा, आणि सुरू झाल्यावर दर हंगामाला, तिथलेच कालव तपासावे. तपासणी भेदरून जाण्यासाठी नव्हे. स्वच्छ खाडीचे कालव हे उत्तम अन्न आहे, आणि ते स्वच्छ आहे असे छातीठोकपणे सांगता येणे हीच कालवकऱ्याची खरी पुंजी आहे.

दर्या मोठा आहे, ह्यात शंका नाही. पण विषाचा दाणा साऱ्या दर्यात वाटला जायच्या आधी तो काठाशीच रेंगाळतो, आणि काठाशीच आपली कालवे असतात, आपली पोरे डुंबतात, आपल्या होड्या लागतात. म्हण जुन्या लोकांनी केली ती दर्याकडे पाहून. एकदा कालवाकडे पाहून ती पुन्हा तपासायला हवी.